घर बदलताय? भाड्याआधी हवा-पाणी बघा

"मावशी, तू इतकी वर्षं सिस्टर होतीस, आता तूच सांग. डोंबिवली की बदलापूर?"

भाचीचा हा फोन आला तेव्हा तिच्या हातात जेमतेम महिना होता. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुनर्विकासाचं काम सुरू झालं, भाड्याचा चेक हातात पडला आणि खोली रिकामी करायची तारीख ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंतची वर्षं कुठे काढायची, हा प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत आहे. भाचीच्या पदरी साडेतीन वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा. मुलीला हवा बदलली की दम लागतो. त्या वर्षात दोनदा तिला रात्री नेब्युलायझरसाठी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. भाची घाटकोपरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, जावई कुर्ल्याला.

मुलांच्या वॉर्डात काम करताना दम लागलेलं लेकरू आलं की मी आईला औषधाबरोबर दोन गोष्टी विचारायचे. घराच्या भिंतीला ओल आहे का? आसपास कारखाना, कचरा किंवा भट्टी आहे का? बरं होऊन घरी गेलेलं मूल पंधरा दिवसांत परत आलं, तर उत्तर बहुतेक वेळा त्या दोन प्रश्नांत सापडायचं. म्हणून भाचीला म्हटलं, "चल, दोन्ही घरं बघू. पण दिवसाही आणि रात्रीही."

डोंबिवलीचं घर

पहिलं घर डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला. तिसरा मजला, एक खोली आणि किचन. दुपारी घर छान वाटलं. उजेड होता, समोर झाड होतं, रिक्षा स्टँड जवळ. रेल्वेने सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आणि बदलापूर ६८. म्हणजे बदलापूर घेतलं तर जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर जास्त. दूध पिणारं बाळ घरी ठेवून जाणाऱ्या आईला हा हिशेब लहान नाही.

रात्री अकराला आम्ही पुन्हा गेलो. खिडकी उघडली आणि डोळे चुरचुरले. शेजारच्या ताई म्हणाल्या, "रात्रीचा येतो असा वास, सकाळी जातो." थंडीच्या दिवसांत रात्री गार हवा जमिनीलगत बसून राहते, तिच्याबरोबर धूर आणि वायूही खालीच राहतात. दुपारी घर बघून हे कळत नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक भागाची कहाणी आपल्याला माहीत आहे. २०१४ मध्ये तिथे हिरवट पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. सगळी डोंबिवली अशी नाही. स्टेशनच्या पश्चिमेला, कारखान्यांपासून लांब राहणाऱ्याला हा त्रास फारसा नाही. पण हे घर कारखान्यांच्या अंगाला होतं आणि पोरगी दम्याची.

बदलापूरचं घर

दुसरं घर बदलापूर पश्चिमेला. त्याच भाड्यात वन बीएचके, तळमजला, मागे मोकळी जागा. भाची खूश झाली. मी मात्र भिंती बघत होते. नवा रंग दिलेला होता, पण गुडघ्याच्या वर एका रेषेत तो फुगला होता. कपाटामागे हात लावला, भिंत गार आणि दमट. खालच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "पावसात नदी आली की इथपर्यंत येते."

उल्हास नदीचा पूर ही बदलापूरची जुनी ओळख. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. पूर ओसरल्यावर घरात ओल राहते, ओलीत बुरशी धरते, आणि बुरशी दम्याच्या मुलाला धुरासारखीच बाधते. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती आणि बिघडलेल्या नळाच्या पाण्यातून जुलाबाची. बदलापूरलाही पूर्वेकडे रासायनिक कारखाने आहेत, २०२१ मध्ये तिथे वायुगळती होऊन लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. तेव्हा "लांब गेलो म्हणजे हवा शुद्ध" असं समजू नका.

आडनावाचा प्रश्न

मधे एका ठिकाणी एजंटने आधी आडनाव विचारलं, मग म्हणाला, "मालक फक्त व्हेज फॅमिलीला देतात." भाची काही बोलली नाही, जिना उतरताना डोळे पुसले. हे आरोग्याच्या पानावर मुद्दाम लिहिते आहे. ज्या इमारतीत आपल्याला नको म्हणतात तिथे रात्री दोन वाजता मुलाला दम लागला तर कोणाचं दार वाजवायचं? दार उघडणारा शेजारी हीसुद्धा आजारपणातली सोय आहे. म्हणून घर बघताना आसपास आपली माणसं कोण आहेत, बुद्धविहार कुठे आहे, तिथल्या महिला मंडळातल्या दोघींशी ओळख होते का, हे जरूर बघा.

काय ठरलं

शेवटी त्यांनी बदलापूरच घेतलं, पण नदीपासून आत, दुसऱ्या मजल्यावर, कारखान्यांपासून दूर. खोल्या दोनच, पण समोरासमोर खिडक्या, सकाळचं ऊन आत येणारं. करार करण्याआधी आम्ही एक काम केलं. रात्री रिक्षा करून त्या घरापासून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापर्यंत गेलो आणि घड्याळ लावलं. वाटेत फाटक किती, रस्ता खोदलेला कुठे, रात्री रिक्षा मिळते का, सगळं कळलं. अर्ध्या तासात पोचलो. जवळच्या मुलांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला.

या निर्णयाची किंमत भाचीने मोजली. सकाळी साडेसहाला निघायचं, रात्री साडेआठला परत. काढून ठेवलेलं दूध घरातल्या साध्या तापमानाला सुमारे चार तासच चालतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिज घ्यायला दीड महिना लागला आणि तोवर धाकट्याचं दिवसाचं अंगावरचं पिणं जवळजवळ सुटलं. नवव्या महिन्यानंतर वरचं खाणं नीट सुरू असल्यामुळे वजन घटलं नाही, रात्री तो अजून पितो. पण तिला त्याची खंत आहे आणि मी तिला "काही होत नाही" असं म्हणाले नाही. सासूबाई सोबत राहायला आल्या म्हणून निभावलं.

जुलैमध्ये एका रात्री मुलीला दम लागला. छातीच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. इनहेलर आणि स्पेसर हाताशी होते, रस्ता माहीत होता, शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. पहाटे ती भाचीच्या मांडीवर झोपली होती. त्या पावसाळ्यात असं एकदाच झालं.

घर पक्कं करण्याआधी एवढं करा

१. घर तीन वेळा बघा: दुपारी, रात्री अकरानंतर आणि सकाळी पाणी यायच्या वेळेला. पाणी किती वेळ येतं, टाकीला झाकण आहे का, टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा.

२. कपाटामागे, बाथरूमच्या भिंतीला आणि छताच्या कोपऱ्याला हात लावा. नव्या रंगाला भुलू नका. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते मालकाला नको, दुकानदाराला विचारा.

३. खिडकीला आणि गॅलरीला जाळी आहे का, आवारात उघडी टाकी किंवा खड्डा आहे का, ते बघा. चालायला लागलेल्या मुलाला दोन मिनिटं पुरतात.

४. माता-बाल संरक्षण कार्ड घर हलवताना हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये नको. सरकारी लस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, पत्ता बदलला म्हणून कोणी नाही म्हणू शकत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. घर बदलण्याच्या धांदलीत नेमके हेच सुटतात. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेला द्यायचा.

५. पहिल्या आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडी शोधा, सहा वर्षांखालच्या मुलांची नावं घाला. रेशनकार्ड नव्या जागीही चालतं, दुकानात जाऊन खात्री करा.

६. पुढच्या वर्षी शाळेत घालायचं मूल असेल तर भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी घर आणि शाळा यांतलं अंतर बघतात, आणि पत्त्याचा कागद नसला की आपलं मूल बाहेर राहतं.

७. मुलाचे ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या गेल्या, किंवा त्याला पिता-बोलता येईना, तर वाफ-लेपाची वाट न बघता १०८ ला फोन करा.

मायबहिणींनो, भाडं दर महिन्याला दिसतं, म्हणून आपण तेवढंच मोजतो. ओल, वास आणि दवाखान्याचं अंतर आजारपणातच दिसतं. घर बघायला जाताना सोबत एक जाणती बाई न्या. नसेल तर विहारात विचारा, कोणीतरी येईल.