थांबवतो तो टायर

2012 साली टोयोटाची जीटी86 आली तेव्हा जाणकारांची नजर आधी तिच्या टायरवर गेली. दोनशे हॉर्सपॉवरचं इंजिन, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि खाली टायर मात्र मिशेलिनचे प्रायमसी. प्रियससारख्या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीवर मिळायचे तेच, 215 मिलिमीटर रुंदीचे. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी ही निवड मुद्दाम केली होती. पकड बेताची असली की गाडी वळणावर कमी वेगातही हलकेच सरकते आणि चालवणाऱ्याला मजा येते. अनेक मालकांनी मात्र सतरा इंची चाकं उतरवून अठरा-एकोणीस इंची चढवली.

त्याने गाडी जास्त पळाली का? नुसत्या मापाने, नाही. रिम मोठी घेतली की टायरची साइडवॉल तेवढी कमी करावी लागते, कारण बाहेरचा व्यास वाढला की गिअरचं गणित बिघडतं. व्यास 5 टक्के वाढला तर प्रत्येक गिअरमधली ओढ जवळपास तेवढीच घटते, आणि स्पीडोमीटरचा काटाही तेवढा मागे पडतो. कंपन्या हे कटाक्षाने सांभाळतात. जीटी86च्या जागी 2021मध्ये आलेल्या जीआर86ला 215/45चे सतरा इंची किंवा 215/40चे अठरा इंची टायर मिळतात. दोघांच्या व्यासात फरक जेमतेम 4 मिलिमीटरचा. अठरा इंचीवर गाडी वळणाला जास्त चिकटते ती मुख्यतः त्यासोबत येणाऱ्या पायलट स्पोर्ट 4च्या रबरामुळे. श्रेय मात्र रिमला मिळतं, कारण दिसते ती.

त्यात मोठी रिम स्वस्तातली असेल तर बहुधा जडही असते, आणि हे वजन वाईट जागी बसतं. गोफणीचा दगड दोरीच्या टोकाला असतो म्हणून फिरवायला जोर लागतो, तसंच हे. चाकाच्या कडेचा एक किलो पळवायला गाडीतल्या जवळपास दोन किलोंइतकी ताकद खर्च होते. पिकअप मरतो तो असा. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडू लागतो. बुटक्या साइडवॉलमुळे स्टिअरिंग चटकन ऐकतं, हा फायदा खरा. पण खड्ड्याचा दणकाही थेट रिमवर बसतो. आपल्या पावसाळी रस्त्यांवर एकोणीस इंची रिम म्हणजे टायरवाल्याची सोय.

मग कारखान्यातून मोठी चाकं येतातच कशाला? दिसण्यासाठी हे उघड आहे; दुसरं कारण आत ब्रेकची मोठी डिस्क मावावी. फॉर्म्युला वनच्या गाड्या 2021पर्यंत तेरा इंची रिमवरच धावल्या आणि त्यांच्या डिस्क 278 मिलिमीटरच्या होत्या. 2022मध्ये अठरा इंची चाकं आली तशी पुढची डिस्क सुमारे 330पर्यंत गेली. त्याच वर्षी गाडीचं किमान वजन 752वरून 798 किलोवर गेलं. त्या वाढीत चाकं-टायरांचाही वाटा होता.

मोठी डिस्क गाडी लवकर थांबवते, हा समज फार पसरलेला आहे. गाडीला रस्त्याशी धरून ठेवतो तो टायर. मूळच्या ब्रेकनेच एबीएस चालू होत असेल, तर टायरची सगळी पकड आधीच वापरली गेली. चांगल्या टायरवर ताशी 100 किलोमीटरवरून थांबायला साधारण 40 मीटर लागतात. कॅलिपर लाल रंगाचा आणि सहा पिस्टनचा केला तरी ते अंतर फारसं हलत नाही.

मोठ्या डिस्कचं खरं काम दहाव्या ब्रेकला दिसतं. साडेबाराशे किलोची गाडी 100वरून थांबते तेव्हा सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा निघते आणि तिची बहुतेक उष्णता डिस्क-पॅडमध्ये जाते. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत पुन्हापुन्हा होतं. डिस्क जड आणि मोठी असेल तर ती उष्णता पोटात घेते आणि हवेला सोडते. लहान असेल तर पॅड जळू लागतात. पाय जोरात दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पोर्शेने 2001च्या 911 जीटी2वर सिरॅमिक डिस्क दिल्या. उष्णता सोसायची आणि वजनही लोखंडी डिस्कच्या निम्म्यावर, असा दुहेरी डाव. किंमत अर्थात पोर्शेला शोभेल अशी.

फक्त पुढचेच कॅलिपर मोठे केले तर आणखी एक घोळ होतो. दाबाची वाटणी पुढे झुकते, पुढची चाकं आधी अडखळतात, मागच्यांची पकड वाया जाते. म्हणजे पैसे मोजून थांबण्याचं अंतर वाढवायचं! पिस्टन मोठे आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडलही खोल जातं.

आणि ब्रेक ऑइल, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि ओलावा मुरल्यावर प्रमाणाची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून ट्रॅकवर जाणारे अनुभवी लोक आधी ऑइल बदलतात, मग पॅड. डिस्क-कॅलिपरचा विचार त्यानंतर, तोही आधीचे खरोखर तापून थकत असतील तरच.