डॅशबोर्ड आणि डोअर पॅड: घरच्या घरी कार मढवण्याचा चार दशकांचा मागोवा

डॅशबोर्ड किंवा दाराचा पॅड मढवायचा म्हणजे त्यावरचे विटलेले आवरण उतरवायचे, खालचा पाया दुरुस्त करायचा आणि त्यावर नवे रेक्झिन, लेदरेट किंवा कापड चढवायचे. सीटचे काम शिलाई मशीनवर चालते, म्हणून ते कुशनवाल्याकडे जाते. दारे आणि डॅशबोर्ड यांत शिवण कमी आणि चिकटवणे जास्त. त्यामुळे पाना, स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि सोल्यूशनचा डबा एवढ्यावर हे काम घरी, ओट्यावर किंवा गच्चीवर करता येते. गेल्या चार दशकांत गाड्या बदलल्या तसे हे कामही बदलले. कधीकाळी सीट सोडल्या तर गाडीचा आतला सगळा भाग घरी मढवता येत असे. आज ते काम मुख्यत: दारांपुरते उरले आहे.

या कामाची गरज का पडते, हे एका वस्तीवरून समजते. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर जालना रोडच्या दक्षिणेला, गारखेडा परिसरात आहे. चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहर (तेव्हाचे औरंगाबाद) पसरत गेले, तशा या बाजूला गुंठेवारीच्या वस्त्या उभ्या राहिल्या. शेतजमिनीचे छोटे तुकडे पडले आणि त्यांवर भिंतीला भिंत लावून घरे झाली. अशा बांधकामांना नियमित करण्यासाठी राज्याने २००१ साली गुंठेवारी कायदा केला. मात्र प्लॉटचे आकार तेच राहिले. वीस बाय तीस फुटांच्या प्लॉटवर घर बांधल्यावर गाडीसाठी जागा उरत नाही. घरात कार आली की ती दारापुढच्या रस्त्यावर उभी राहते, बहुधा दिवसभर उन्हात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पुंडलिकनगरात डॅशबोर्डला चिरा का पडतात आणि दाराचे कापड का सुटते, याचे पहिले कारण प्लॉटच्या या आकारात आहे. गाडीच्या वयाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

हे ऊन किती तापवते, याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमधील हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग ६९ अंशांपर्यंत तापला. मराठवाड्याचा उन्हाळाही कडक असतो. म्हणजे डॅशबोर्डवर लावलेल्या प्रत्येक वस्तूला, गोंदासकट, सत्तर अंशांशी सामना करावा लागतो.

डॅशबोर्ड आणि दारांच्या आवरणांत सर्वांत जास्त वापरले गेले ते पीव्हीसी. हे प्लास्टिक मुळात कडक असते. १९२६ साली अमेरिकेतील गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी त्यात मऊपणा आणणारी तेलकट द्रव्ये मिसळण्याची रीत शोधली आणि त्यातून चामड्यासारखा लवचिक पत्रा तयार होऊ लागला. त्याची अडचणही त्या द्रव्यांतच आहे. उष्णतेने ती हळूहळू बाहेर पडतात. बंद गाडीत पुढच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर जमतो तो बराचसा त्यांचाच. द्रव्य निघून गेले की आवरण आकसते, कडक होते आणि जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे एसीच्या झडपांच्या कोपऱ्यांत आणि काचेलगतच्या कडेला, तडकते. अशी चीर एकदा पडली की कोणत्याही पॉलिशने ती भरून येत नाही.

१९८३ पूर्वी मराठवाड्यातल्या घरी कार असली तर ती बहुधा फियाट किंवा ॲम्बेसेडर असे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीच्या रूपात २०२३ पर्यंत धावली. या पिढीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड मुळात रंगवलेल्या पत्र्याचा. त्याला मढवण्याची गरज नव्हती. हौस म्हणून त्यावर मखमल किंवा रेक्झिन चिकटवले जाई. दारांना मात्र हार्डबोर्डची पाटी, तिच्यावर कापसाचा किंवा फोमचा पातळ थर आणि वरून रेक्झिन अशी रचना असे. पाटी क्लिपा आणि स्क्रूंवर बसवलेली. सुताराला, शिंप्याला किंवा रिक्षाचा हुड शिवणाऱ्याला ती पाहताक्षणी कळे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्यात तीनचाकीही बनू लागल्या. रिक्षांच्या या शहरात हुड आणि सीट शिवणारे हात आणि वारावर मिळणारे रेक्झिन कधीच दुर्मीळ नव्हते, आणि कारच्या दारांची डागडुजी त्याच सामानावर होई.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि कार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. घरी मढवण्याच्या दृष्टीने ही गाडी विशेष महत्त्वाची आहे. तिचे दार साधे होते: पत्र्याचा काही भाग उघडाच, बाकी भागावर विनाइल चढवलेला हलका पॅड. आजही कोणी हे काम शिकायचे म्हटले, तर जुन्या ८०० च्या दाराइतके चांगले दार सापडणार नाही.

पॅड काढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी हात धरायच्या मुठीचे स्क्रू, मग आतल्या खटक्याभोवतीची चौकट, मग काच फिरवण्याचे हँडल. हँडलच्या मागे तारेची स्प्रिंग अडकवलेली असते; हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुने फडके घालून ते मागे-पुढे ओढले की ती निसटते. ती उडून हरवते, म्हणून दुसरा हात पुढे धरावा लागतो. त्यानंतर पॅडच्या कडेने रुंद, बोथट पट्टी सरकवून एकेक क्लिप उचकटायची. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटले तर हार्डबोर्ड क्लिपेच्या भोकाशी फाटतो आणि तो कोपरा पुढे कायमचा खडखडत राहतो.

पॅड निघाल्यावर मागे दाराच्या पत्र्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. अनेक जण तो फाडून टाकतात, आणि घरच्या कामातला सर्वांत महागडा दोष इथेच तयार होतो. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावे अशी रचना असते. प्लास्टिकचा कागद ते पाणी पॅडपर्यंत येऊ देत नाही. कागद नसला की जुलै-ऑगस्टमध्ये हार्डबोर्ड खालच्या कडेने पाणी पितो, फुगतो, आणि दिवाळीपर्यंत नवे रेक्झिन सुरकुतते. म्हणून कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापून तो नवा लावायचा, आणि दाराच्या तळाची भोके तारेने मोकळी करायची. फुगलेली पाटी वाळवून कामी येत नाही. तिचाच फर्मा ठेवून तीन मिलिमीटरचा नवा हार्डबोर्ड कापावा, भोके जुन्या पाटीवरून तंतोतंत उतरवावीत, आणि मढवण्यापूर्वी कडांना वॉर्निशचा हात द्यावा.

चिकटवणे हा या कामाचा गाभा. त्यासाठी कृत्रिम रबरापासून बनवलेले सोल्यूशन वापरतात. दुकानात ते फेविकॉल एसआर किंवा नुसते एसआर म्हणून मागितले जाते. सुतारकामाचे पांढरे फेविकॉल इथे चालत नाही. ते वाळायला पाणी उडून जावे लागते, आणि रेक्झिन व प्लास्टिक यांच्यामधून पाण्याला वाट नसते. एसआर दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचे आणि बोटाला चिकटणार नाही इतके सुकू द्यायचे. उन्हाळ्यात याला थोडी मिनिटे पुरतात, पावसाळी हवेत बराच वेळ लागतो. मग दोन्ही भाग एकमेकांवर टेकवायचे. एकदा टेकवले की सरकवता येत नाही, म्हणून सुरुवात मधल्या रेषेपासून करून कडांकडे हाताने दाबत जातात. ओले असतानाच दाबले तर आत अडकलेले द्रावक पहिल्याच उन्हात वाफ होऊन फुगे काढते. नवशिक्यांच्या कामात दिसणारे बहुतेक फुगे या घाईचे असतात. माल खराब असल्यामुळे फुगे येणे त्या मानाने विरळ. हे द्रावक पटकन पेट घेते आणि त्याची वाफ डोके चढवते. छोट्या घरात, शेजारी गॅस पेटलेला असताना हे काम करणे धोक्याचे आहे. गच्ची किंवा उघडा ओटा हीच त्याची जागा.

२००० नंतर चित्र पालटले. स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ मध्ये भारतात आली आणि शेंद्र्याच्या कारखान्यात ती जोडली जाऊ लागली. फोमच्या थरावर मऊ साय चढवलेला डॅशबोर्ड आणि दारात कापडाचे किंवा लेदरेटचे वेगळे तुकडे, अशी बनावट शहराच्या ओळखीची झाली. त्याच काळात स्वस्त गाड्यांमधून हार्डबोर्ड मागे पडला आणि अख्खा पॅड साच्यातून निघालेल्या पॉलिप्रॉपिलीनचा झाला. हे प्लास्टिक हलके, स्वस्त आणि पाण्याला न जुमानणारे आहे. पण त्याचा पृष्ठभाग जवळजवळ कशालाच धरत नाही. हार्डबोर्डवर वर्षानुवर्षे टिकणारे एसआर त्याच्यावरून सालीसारखे निघून येते. पॅडच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची जात साच्यातच कोरलेली असते. पीपी अशी खूण असेल तर आधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून पॉलिप्रॉपिलीनसाठीचा प्रायमर लावावा लागतो. एबीएस असेल तर खरवडणे पुरते. ही खूण वाचण्याची सवय या पिढीच्या गाड्यांनी लावली.

या गाड्यांत घरी करण्यासारखा भाग म्हणजे दाराच्या मधला तुकडा. तो बहुधा मागून वितळवलेल्या प्लास्टिकच्या गुंड्यांनी बसवलेला असतो. गुंड्या कापून तुकडा सुटा करायचा, जुन्या कापडामागचा कुजून भुगा झालेला फोम ब्रशने पूर्ण झाडायचा, नवे लेदरेट चढवून कडा मागे वळवायच्या आणि बारीक स्क्रू-वॉशरवर तो परत बसवायचा. भुग्यावरच नवे सोल्यूशन लावले तर ते भुग्याला चिकटते आणि भुग्यासकट सुटते.

डॅशबोर्डचे काम याहून अवघड, आणि बऱ्याचदा टाळावे असे. तो पूर्ण बाहेर काढायचा तर स्टिअरिंग, मीटर, एसीच्या नळ्या आणि तारांचे जाळे सोडवावे लागते. जागेवरच मढवायचा तर काचेलगतची कड हाताला येत नाही आणि तिथूनच आवरण उचलते. शिवाय बहुतेक डॅशबोर्डवर वर्षानुवर्षांचे सिलिकॉन पॉलिश मुरलेले असते, आणि मधोमध गणपती किंवा साईबाबांची मूर्ती दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली. मूर्ती ओढून काढली तर पट्टीबरोबर साय निघते. हेअर ड्रायरने ऊब देऊन, मागून दोरा ओढून ती सोडवावी. सिलिकॉन आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसल्याशिवाय सोल्यूशन धरत नाही. वक्र भागावर रेक्झिन ऊब देऊन ताणता येते. पण जास्त ताणलेले आवरण पुढच्या उन्हाळ्यात परत आकसते, म्हणून खोल वळणावर ताणण्यापेक्षा जोड घेऊन शिवण टाकणे बरे. रंगाच्या बाबतीतही हौसेला आवर हवा. फिकट किंवा चकचकीत आवरणाचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि समोरचा रस्ता धूसर होतो. गडद आणि निस्तेज पोताचे आवरण दिसायला साधे, पण चालवणाऱ्याच्या डोळ्यांना तेच सोसते.

ऊन आत येऊ नये म्हणून काचांना फिल्म लावण्याची रीत २०१२ पूर्वी रुजली होती. अशी फिल्म याच शहरात, गरवारे उद्योगाच्या चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांत बनते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहनांच्या काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली आणि दारांच्या पॅडवरची सावली गेली. डॅशबोर्डला मात्र तिचा फारसा आधार नव्हता, कारण त्यावरचे ऊन मुख्यत: पुढच्या काचेतून येते. तिथे घडीचा सनशेड किंवा रात्रीच्या धुळीपासूनही वाचवणारे कापडी कव्हर हाच उपाय तेव्हाही होता. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या ऐन उन्हाळ्यात, मार्चअखेरीपासून जागच्या जागी उभ्या राहिल्या. कव्हर असलेल्या आणि नसलेल्या गाडीतला फरक त्यानंतर कोणालाही दाखवता आला असता.

घरच्या कामाची सीमा खऱ्या अर्थाने आखली ती एअरबॅगने. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये पुढच्या प्रवाशासाठीही. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या सायीखाली दडलेली असते. ती फाटून बाहेर यावी म्हणून साय मागच्या बाजूने एका रेषेत मुद्दाम पातळ केलेली असते. अनेक गाड्यांत वरून काहीच दिसत नाही. धडक झाल्यावर सेकंदाच्या काही शतांश भागात तिथून पिशवी उघडावी लागते. त्यावर रेक्झिनचा एक थर आणि सोल्यूशन चढले की पिशवी उशिरा, वाकडी किंवा आवरणाच्या तुकड्यांसकट बाहेर येऊ शकते. त्यामुळे प्रवासी-एअरबॅग असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड घरी मढवू नये, एअरबॅगवरच्या त्या भागावर गालिचा किंवा मूर्तीही चिकटवू नये. दारांच्या कामापूर्वीही बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे, आणि पिवळ्या आवरणातली कोणतीही तार ओढू नये. तो रंग सहसा एअरबॅगच्या तारांना देतात.

साहित्य निवडताना आगीचाही विचार लागतो. गाडीच्या आतले साहित्य किती वेगाने जळू शकते यावर अमेरिकेत १९७२ पासून मर्यादा आहे, मिनिटाला सुमारे १०२ मिलिमीटर. भारतातही २००२ पासून आयएस १५०६१ हे मानक त्यासाठी आहे. सोफ्यासाठी विकले जाणारे स्वस्त रेक्झिन किंवा पडद्याचे कापड या कसोटीवर तपासलेले असेलच असे नाही. दार मढवायला मोजके कापड लागते. एवढ्याशा मापासाठी वाहनांकरिता बनवलेले लेदरेट घेण्यात कंजुषी करण्यासारखे काही नाही. नवा पॅड बसवण्यापूर्वी तो एक रात्र मोकळ्या हवेत ठेवतात, म्हणजे राहिलेले द्रावक उडून जाते. उचकटताना मोडलेल्या क्लिपा जुन्याच ठोकून बसवण्याऐवजी नव्या घ्याव्यात. एक क्लिप कमी पडली तरी पॅड खड्ड्यांवर वाजतो. शेवटी काच वर-खाली करून पाहावी, बाहेरून बादलीभर पाणी ओतावे आणि ते पॅडकडे न येता दाराच्या तळातूनच निघते आहे याची खात्री करावी.