हात गुडघ्यांशी अडणारा योगगुरू

डिसेंबर १९१८. इन्फ्लुएन्झानं देशभर माणसं पटापट मरत होती, आणि कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावी त्याच तापानं पछाडलेल्या आईच्या पोटी एक मूल जन्मलं. ते जगलं हेच नवल! पुढं कुटुंब बंगळूरला आलं आणि पोराच्या मागं मलेरिया, विषमज्वर, क्षय अशी रांगच लागली. काडीसारखे हातपाय, पुढं आलेलं पोट, मानेला न पेलणारं डोकं. क्षयाच्या जंतूंना मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. मग या पोराला ते कुठून मिळणार?

हेच पोर म्हणजे बी. के. एस. अय्यंगार.

१९३४ मध्ये तब्येत सुधारावी म्हणून मेहुणे, योगशिक्षक टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना मैसूरला बोलावून घेतलं. पुढं वाकलं की हात जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोचायचे. तीनच वर्षांत हा अठरा वर्षांचा मुलगा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर योग शिकवू लागला, आणि समोरचे विद्यार्थी त्याच्याहून धडधाकट!

मला तर वाटतं, इथंच खरी मेख आहे. ज्याचं अंग जन्मतःच लवचिक, त्याला दुसऱ्याचं का अडतं ते कसं उमगणार? अय्यंगारांना एकेक सांधा भांडून मिळवावा लागला होता. त्यामुळं कुठं दुखतं, कुठं घाबरायला होतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

मग त्यांनी काय केलं? विटा, पट्टे, दोर, लोड, पाठीची फळी काढलेल्या घडीच्या खुर्च्या आसनांसाठी कामाला लावल्या. वेलाला मांडव असावा तसा शरीराला आधार. गंमत बघा: स्नायू झटक्यानं ताणला, तर त्यातले सूक्ष्म संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि तो उलटा आखडतो. मेंदूला विचारायची गरजच नाही! पण आधारावर सावकाश थांबलं, की हा पहारा ढिला पडतो. पाठीखाली लोड घेऊन छाती उघडली, उच्छ्वास लांबला, की हृदयाचे ठोकेही मंदावतात. जे आसन दहा सेकंद टिकत नव्हतं त्यात आजारी माणूस दहा मिनिटं राहू शकतो. यानं जंतू मरत नाहीत, तिथं औषधच हवं. पण थकलेल्या शरीराला उसंत मिळते, ही काय लहान गोष्ट?

१९५२ साली मुंबईत थकव्यानं गांजलेले व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांच्याकडं आले आणि या पद्धतीला युरोपचं दार उघडलं. १९७५ मध्ये पुण्यात पत्नीच्या नावानं रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. रुग्णांसाठी तिथं वेगळे वर्ग चालू लागले.

आणि १९७९ मध्ये, साठीत, स्कूटरचा अपघात! कमावलेली आसनं गेली. इतरांसाठी जमवलेले लोड आणि खुर्च्या आता गुरूच्याच कामी आल्या. अय्यंगार पुन्हा पहिल्यापासून शिकले.

घरात आणखी एक रुग्ण होतीच. मुलगी गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या दाहानं खंगली होती. तीही योगाकडं वळली, आयुर्वेद शिकली आणि मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण यांसाठी आसनांचे क्रम बसवून वडिलांच्याच संस्थेत रुग्णांना शिकवू लागली.