एकादशीचे पान आणि संतकाळची भाकरी

आषाढ शुद्ध एकादशी हा महाराष्ट्राच्या भक्तिजीवनाचा मुकुटमणी. श्रीक्षेत्र पैठणहून निघालेली शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांची पालखी या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटी विसावलेली असते. ज्यांच्या पायांना ती वाट घडत नाही, असे छत्रपती संभाजीनगर परिसरातील सहस्रावधी भाविक वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरी जाऊन माथा टेकतात. घरोघरी आदल्या रात्रीच साबुदाणा भिजत पडतो, बटाटे उकडले जातात, दाण्यांचा कूट तयार होतो. मागे एका कीर्तनानंतर एक वृद्ध माता पाया पडावयास आली आणि सहज विचारती झाली, "महाराज, ज्ञानोबा-मुक्ताई एकादशीला काय खात असतील हो?" प्रश्न भोळा खरा; पण त्याने मला पोथ्यांकडे नव्या दृष्टीने पाहावयास लावले.

प्रथम, काय नव्हते ते सांगतो. श्रीज्ञानेश्वरी नेवाशास सिद्ध झाली ती शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. कोलंबस अमेरिकेच्या किनारी पोहोचला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी, १४९२ मध्ये. आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. बटाटा, मिरची, भुईमूग, रताळे ही सारी मूळची अमेरिका खंडातील. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनीच आणलेला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. तामिळनाडूतील सेलमकडे त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० नंतरच्या दशकात. ज्याला आपण पुरातन मानतो त्या राजगिऱ्याचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेतच दाखवितात. म्हणजे आजच्या एकादशीच्या पानातील बहुतेक पदार्थ ज्ञानोबांनी कधी पाहिलेही नव्हते. उरतात ते जिरे, तूप, दही, शिंगाडा आणि वरीचे तांदूळ!

सामान्यांचे ताट

मग त्या काळी गोदातीरीचा कुणबी, कुंभार, शिंपी, माळी रोज काय जेवत होता? राजाच्या मुदपाकखान्याची माहिती ग्रंथांत विपुल आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त मांडे, पुऱ्या, वडे, शिखरिणी यांची रसभरित वर्णने आहेत. गरिबाच्या चुलीसाठी असा ग्रंथ कोणी लिहिला नाही. ती शोधावी लागते संतांच्या दृष्टान्तांत, लोककथांत, आणि भिक्षेवर राहणाऱ्या श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा सांगणाऱ्या 'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथांत.

आपल्या या कोरडवाहू भूमीत ताटाचा धनी जोंधळा. संस्कृत निघंटूंत त्यालाच 'यावनाल' म्हटले आहे. त्याची भाकरी, त्याच्या कण्या, ताकात आंबवून शिजविलेली आंबील आणि थंडीत हुरडा. हेमाद्रिपंडितांनी बाजरी महाराष्ट्रात आणली अशी लोकश्रुती आहे. सौराष्ट्रातील उत्खननांनी मात्र या देशातील बाजरी त्याहून कितीतरी प्राचीन ठरविली आहे. सोबतीला तूर, हरभरा, उडीद, कुळीथ यांचे वरण अथवा पिठले. चाकवत, चुका, तांदुळजा, अंबाडी अशा पालेभाज्या. तीळ, करडई, जवस यांचे तेल. तिखटासाठी आले, मिरे, पिंपळी. पण मिरे विकत घ्यावे लागत, म्हणून गरिबाचे कोरड्यास बहुधा सौम्यच. गहू आणि तांदूळ सणावाराचे.

हे ध्यानी घेतले म्हणजे मुक्ताईच्या मांड्यांची कथा वेगळीच उलगडते. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. विसोबांच्या धाकाने कुंभार खापर देईना. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापविली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले. राजाच्या पंक्तीला जो पदार्थ नित्याचा, तो या पोरक्या भावंडांना एक दिवसही दुर्लभ होता. चमत्कारामागे ही भूक उभी आहे.

उपवास आणि उपासमार

'उपवास' म्हणजे उप-वास, देवाच्या सन्निध राहणे. अन्नत्याग हे साधन, सान्निध्य हे साध्य. शास्त्रकार कठोर नव्हते. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे त्यांनी सांगितले. ही अशक्तासाठी दिलेली मोकळीक. तिचीच आपण मेजवानी केली आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपणच आपल्यावर रचली.

हा मनुष्यस्वभाव केवळ इकडचा नव्हे. त्याच शतकांत युरोपातील शेतकरी राय आणि जवाची काळपट भाकर, वाटाणे, कोबी, कांदे घालून शिजविलेली पातळ पेज यांवर राहत होता. ईस्टरपूर्वी चाळीस दिवस त्याच्या धर्मानेही मांस वर्ज्य केले होते. तेथेही श्रीमंतांनी बदामाचे दूध आणि उंची मासे यांची पक्वान्ने शोधून काढली. आणि १३१५ ते १३१७ या वर्षांत अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा गरिबाला उपवास निवडावा लागला नाही. तो त्याच्यावर कोसळला.

आपल्याकडेही तेच. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली ती दुष्काळात. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आणि १९७२ साली आमच्या मराठवाड्यात लोक खडी फोडून मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खात होते, ते मी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिले आहे. आमची आई त्या वर्षीही एकादशी निरंकार करी. वाचलेली भाकरी ती दारच्या म्हातारीला देई आणि म्हणे, "माझा उपास तिच्या पोटात गेला, तरच तो विठ्ठलाला पोचतो."

नाथांचे श्राद्ध

या विचाराचा कळस नाथांच्या चरित्रात आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा सुवास दरवळला आणि वाटेने जाणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाच्या मुखास पाणी सुटले. ते अन्न नाथांनी प्रथम त्यांना वाढले, आणि पैठणच्या विद्वज्जनांचा रोष पत्करला. पंक्तीच्या अधिकारापेक्षा त्यांना भुकेचा अधिकार मोठा वाटला. आम्ही शास्त्र सांगणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. त्या दिवशी शास्त्राचे नाव घेऊन रुसलेले आमचेच पूर्वज होते.

तेव्हा मातांनो, साबुदाणा टाकून द्या असे मी म्हणत नाही. परदेशातून आलेला कंदही भूमातेचेच लेकरू. बटाटा मूळचा कोठला, हे विठ्ठल विचारीत नाही. शेजारचा उपाशी का, हे मात्र विचारतो. पान साधे असावे, आणि द्वादशीच्या पारण्यापूर्वी एक वाढलेले ताट भुकेल्याच्या मुखी जावे.

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होईल. त्यात मांडे नसतात. लाह्या, पोहे, दही, लोणचे अशी साध्या घरची शिदोरी एकत्र कालविली जाते, आणि कोणाचा घास कोणता हे ओळखू येत नाही. सामान्य जनांनी काय खाल्ले, याची सर्वांत जुनी पोथी बहुधा तीच. ती आपण दरवर्षी हातावर घेतो, आणि प्रसाद म्हणून मस्तकी लावतो.