काउंटीची 'लाइन'



भारतात निवडणुकीचं तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इथे न्यू जर्सीत उमेदवार ठरवतात मतदार, जूनच्या प्रायमरीत. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं असतं.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. न्यू जर्सीत अशा २१ काउंट्या आहेत. प्रत्येक काउंटीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षाची आपापली काउंटी कमिटी असते. गावातल्या एकेका छोट्या मतदान विभागातून सहसा दोन सदस्य प्रायमरीत निवडून येतात आणि हे सगळे मिळून अध्यक्ष निवडतात. पत्रकं वाटणं, दारोदार फिरणं, वर्गणी जमवणं ही यांची कामं. वाचायला साधीच वाटतात.

खरी ताकद होती मतपत्रिकेच्या आखणीत. १९ काउंट्यांमध्ये काउंटी पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, वरच्या पदापासून गावच्या पदापर्यंत, एकाच रांगेत छापले जात. हीच ती 'लाइन'. बाकीच्यांची नावं कुठेतरी कडेला. लोक त्या जागेला थट्टेने 'सायबेरिया' म्हणत. पडद्यावर बटण कुठे ठेवायचं यावर आम्ही संगणकवाले तासन्‌तास भांडतो, कारण समोर दिसतं तेच माणूस दाबतो. मतपत्रिकेचंही तेच. म्हणून लाइन कोणाला द्यायची हे ठरवणारा काउंटी अध्यक्ष म्हटला की भले भले नेते वचकून असत.

२०२४ साली अँडी किम सिनेटसाठी उभे राहिले. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांना अनेक मोठ्या काउंट्यांची लाइन मिळाली होती. किम यांना स्वतःलाही काही ठिकाणी ती मिळाली, तरीही ते या पद्धतीविरुद्ध कोर्टात गेले. (हे मला विशेष वाटतं.) मर्फी यांनी मार्चमध्ये माघार घेतली आणि काही दिवसांतच न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. २०२५ मध्ये कायदाच झाला: एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापायचे, दोन्ही पक्षांत. किम नोव्हेंबर २०२४ मध्ये सिनेटवर निवडून आले.

काउंटी कमिट्या मात्र आहेतच आणि पाठिंबाही देतात. आपल्यातले जे नागरिक झाले आहेत त्यांनी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी कमिटी' हा मथळा शोधावा. तिथे पुष्कळदा जागा असते तेवढीच नावं असतात. कधी एकही नसतं.