घरचा पडदा आणि लेझरचा दिवा

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले, हे आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटाच्या इतिहासात वाचले असेल. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पडदा आणि सभोवार काळोख, एवढीच त्या खेळाची सामग्री. आज घरोघरी येऊ लागलेल्या लेझर प्रोजेक्टरची सामग्रीही याहून फारशी वेगळी नाही. काचेची जागा नखाएवढ्या चिपने घेतली आणि दिव्याची लेझरने. काळोख मात्र पूर्वीइतकाच लागतो, आणि विकत घेणारे नेमके तेच विसरतात.

आमच्या मामांचेच उदाहरण देतो. गुडघ्यांमुळे आजीला चित्रपटगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मामांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून एक लेझर प्रोजेक्टर आणला. दुकानात फुले, पोपट, समुद्र असे झगझगीत चित्रण पाहून सारे हरखून गेले होते. घरी पहिल्या दिवशी ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ सालचा तो प्रभातचा बोलपट चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या जुन्या चौकटीतला. त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही अंगांना काळे पट्टे उरतात. ते पट्टे काळे दिसेनात. राखेसारखे दिसत होते, आणि चित्रातील सावल्याही त्याच राखेत बुडाल्या होत्या. “यापेक्षा आपला टीव्ही काय वाईट होता रे?” आजीने विचारले. मामांनी यंत्राला बोल लावला. पण दोष यंत्रात नव्हता. आजी अंधारात अडखळेल या काळजीने खोलीतली ट्यूबलाइट चालू ठेवली होती.

यातील मर्म असे की, प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड फेकतो. जेथे काळे दाखवायचे तेथे तो उजेड टाकीत नाही इतकेच. म्हणजे यंत्र बंद असताना पडदा जेवढा पांढुरका दिसतो, त्याहून काळे काहीही त्या पडद्यावर कधीच दिसणार नाही. टीव्हीची काच मुळातच काळी असते, म्हणून ही अडचण तेथे एवढी जाणवत नाही.

आता थोडे गणित करू. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये. यंत्र एकूण किती उजेड फेकते ते ल्यूमेनमध्ये मोजतात आणि पडदा डोळ्यांना किती तेजस्वी दिसतो ते निटमध्ये. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी ल्यूमेनला पडद्याच्या क्षेत्रफळाने आणि मग ३.१४ ने भागले की निट मिळतात. कर्ण १०० इंचांचा रुंद पडदा घेतला तर त्याची रुंदी सुमारे २.२१ मीटर, उंची १.२५ मीटर आणि क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. चित्रपटगृहात पांढरा रंग ४८ निट असावा असा संकेत आहे. उलटा हिशेब केला तर घरच्या पडद्यावर तेवढ्या तेजासाठी ४१६ ल्यूमेन पुरतात! रंग नीट जुळवले म्हणजे यंत्राचा बराच उजेड कमी होतो, म्हणून तिप्पट धरा. तरी आकडा साडेबाराशेच्या आसपासच राहतो. जाहिरातींतील तीन-चार हजारांच्या आकड्यांची भूल यावरून उतरावी.

आता मामांची ट्यूबलाइट घ्या. पडद्यावर १०० लक्स एवढा बाहेरचा उजेड पडत असेल, तर पडदा आपोआपच ३२ निट उजळतो. हाच त्या खोलीतला ‘काळा’. तेथे २००० ल्यूमेनचे यंत्र लावले तर पांढरा रंग २३१ अधिक ३२, म्हणजे २६३ निट होईल. पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण जेमतेम आठास एक. उलट जाड पडदे ओढून तोच उजेड १ लक्सवर आणला, तर ५०० ल्यूमेनचे लहान यंत्रही दीडशेहून अधिक पट फरक दाखवू शकते, अर्थात त्याचा स्वतःचा काळा रंग बरा असेल तर. पांढऱ्या भिंती आणि छत चित्राचाच उजेड पडद्यावर परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे प्रमाण खाली येते. म्हणून पडद्याजवळची भिंत गडद रंगवावी. माझ्या मते खिडक्यांच्या जाड कापडाइतकी फायद्याची खरेदी या सगळ्या प्रकरणात दुसरी नाही, आणि तीच सर्वांत शेवटी सुचते.

खोली ठरली की मग लेझरचा विचार. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला, तो लाल माणकाचा होता. घरगुती प्रोजेक्टर मात्र निळ्या लेझरवाचून शक्य नव्हता, आणि तो हाती यायला १९९० चे दशक उजाडले. आज बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. एकीत केवळ निळा लेझर असतो. त्याचा काही प्रकाश फॉस्फरच्या लेपावर आपटून पिवळा होतो आणि त्यातून लाल-हिरवा वेगळा काढतात. दुसरीत लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र लेझर असतात. दुसरीचे रंग फार गडद आणि शुद्ध. पण त्या शुद्धतेपायी पांढऱ्या भागावर बारीक वाळू चमचमल्यासारखे दाणे काहींना दिसतात. शिवाय अशा अतिशुद्ध रंगांचे मिश्रण दोन माणसांना अगदी सारखे दिसेलच असे नाही. कृष्णधवल चित्रपटांचे रसिक असाल तर तीन लेझरांसाठी जादा पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही.

चिपचीही एक खोड सांगितली पाहिजे. लक्षावधी चिमुकल्या आरशांची एकच चिप असलेल्या यंत्रात लाल, हिरवे, निळे चित्र एकामागून एक इतक्या वेगाने येते की डोळा ती एकत्र करतो. पण नजर झटकन फिरवली की पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकल्याचे काहींना दिसते, काहींना जन्मात दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांचे डोके दुखते. तेव्हा दुकानात एकट्याने जाऊ नये. घरी जे पाहणार त्यांना घेऊन जावे, दुकानातले दिवे मालवायला सांगावे आणि पोपटांऐवजी एखाद्या जुन्या चित्रपटातला रात्रीचा प्रसंग लावायला लावावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. ‘लाखास एक’ किंवा ‘दशलक्षास एक’ असे कॉन्ट्रास्टचे आकडे पुष्कळदा संपूर्ण काळ्या चित्राच्या वेळी लेझरच बंद करून मिळवलेले असतात; एकाच चित्रात दिवा आणि अंधार दोन्ही असताना त्यांचा उपयोग नाही.

यंत्र कुठे ठेवायचे हा आपल्याकडे पंख्याचा प्रश्न आहे. नेहमीच्या यंत्राला १०० इंची चित्रासाठी अडीच ते सव्वातीन मीटर अंतर लागते. खोलीच्या मधोमध छताला पंखा; मागे यंत्र टांगले की पाती नेमकी झोतात येतात. त्यावर उपाय म्हणजे पडद्याखाली टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर बसणारे यंत्र. त्याला मात्र ताठ, सपाट पडदाच हवा. गुंडाळीच्या साध्या पडद्याची प्रत्येक सुरकुती लाटेसारखी दिसते. वरून येणारा उजेड शोषणारे बारीक खाचांचे पडदे अशा यंत्रांसाठी मिळतात. ज्यांना दिवा लावूनच पाहायचे आहे त्यांनी तेच घ्यावेत. असे यंत्र लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर येते, तेव्हा भिंगात डोकावू नये ही ताकीद घरात आधीच दिलेली बरी.

वीस हजार तासांचे आयुष्य म्हणजे रोज तीन तासांप्रमाणे अठरा वर्षे. पण त्याचा अर्थ बहुधा तेवढ्या काळाने तेज निम्म्यावर येते असा असतो, आणि जुन्या पाऱ्याच्या दिव्यासारखा लेझर घरी बदलता येत नाही. धूळ आणि पंख्याची मोटर त्याआधीच त्रास देतील. एक सुख मात्र खरे: तापलेला पाऱ्याचा दिवा वीज अचानक गेली की बिघडण्याची भीती असे, लेझरला ती फारशी नाही.

मामांनी यंत्र बदलले नाही. खिडक्यांना दुहेरी जाड कापड लावले, पडद्यामागची भिंत गडद करड्या रंगाची केली आणि आजीच्या खुर्चीमागे, जमिनीलगत, पडद्याकडे पाठ करून एक झिरोचा दिवा बसवला. उठताना तिला पावले दिसतात आणि चित्रापर्यंत तो उजेड पोचत नाही. पुढच्या रविवारी ‘संत तुकाराम’ पुन्हा लागला, तेव्हा कडेचे पट्टे कोठे संपतात आणि भिंत कोठे सुरू होते हे शोधावे लागत होते.