भुलीची सुई

दात काढताना टोचतात ते औषध बहुधा लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेलं. त्यात बहुतेकदा किंचित अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, भूल जास्त टिकते, रक्तही कमी जातं. सुईनंतर छातीत धडधडलं, तर ते बहुधा याचंच काम (नाहीतर निव्वळ धास्तीचं). लोक मात्र ‘मला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून मोकळे होतात. खरी अ‍ॅलर्जी विरळाच. जपायचं असतं ते औषध थेट रक्तवाहिनीत जाऊ नये म्हणून. त्यासाठी डॉक्टर आधी सिरिंजचा दट्ट्या जरासा मागे ओढून रक्त येतं का पाहतात. हृदयविकार, रक्तदाब, चालू गोळ्या आधीच सांगाव्यात. लहान मुलांना मात्र ओठाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, खायला देऊ नये. गंमत म्हणून ती ओठ चावत बसतात.